पॅड बांधलेला गडी

भात कापून झाला, उडव्या रचून झाल्या की किन्हवलीच्या आसपासच्या खाचरांची मैदानं होतात. दोन-चार बांध मध्ये येतात. त्यातला लांबचा बांध म्हणजे सीमारेषा. पाणी मारून, चोपून, माती घट्ट करून पिच तयार होतं. मग नारळ फुटतो, कर्णा लागतो, आणि शहापूर-मुरबाडच्या गावागावांतले संघ टेम्पोतून येऊन टेनिस चेंडूवर सहा-आठ षटकांचे सामने खेळतात. पुढारी आले की सामना थांबतो. पुढारी गेले की समालोचक पुन्हा घसा साफ करतो.

या सामन्यांत प्रत्येक संघात एक गडी असा असतो, की ज्याची बॅटिंग येतच नाही. सहा षटकं वरच्या चौघांतच संपतात. तो सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होतो, बॅट हातात घेऊन बांधावर बसतो, प्रत्येक षटकारावर टाळ्या वाजवतो आणि संध्याकाळी तसाच घरी जातो. आई विचारते, "किती केल्यास?" ह्याला काय सांगावं? वहीत त्याच्या नावापुढे एक आडवी रेघ असते. शून्यसुद्धा नाही. शून्य काढायलाही खेळावं लागतं.

अशाच एका गड्याची ही हकिकत. फरक इतकाच, की त्याचं बांधावर बसणं भारतीय क्रिकेटमधली सगळ्यात प्रसिद्ध बैठक ठरलं.

फेब्रुवारी १९८८. मुंबईचं आझाद मैदान. हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेचा उपांत्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले आणि चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी एकत्र आले. पुढे जे झालं ते सगळ्यांना पाठ आहे. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची, धावफलकावर २ बाद ७४८. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर डाव घोषित करा म्हणून निरोप धाडत होते आणि ही दोन पोरं मैदानातून तिकडे बघतच नव्हती, हाही किस्सा सर्वांनी ऐकलेला आहे.

दोन बाद म्हणजे पुढचा गडी पाचव्या क्रमांकाचा. तो तेरा वर्षांचा अमोल मुजुमदार. पॅड बांधून तो बसला होता. ६६४ धावा होईपर्यंत बसला होता.

अमोल मूळचा खारच्या बीपीएम शाळेचा. क्रिकेटसाठी शारदाश्रममध्ये आला. आचरेकर सरांच्या हाताखाली शिकायचं तर शाळा बदलायची, हा त्या काळच्या मुंबईतला सर्रास चालणारा मार्ग होता. सचिननेही तेच केलं होतं. आचरेकर सरांबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: ते स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, १९६३-६४ च्या मोसमात, मोइनुद्दौला स्पर्धेत, स्टेट बँकेच्या संघाकडून. एक सामना! आणि त्यांच्या हाताखालून निघालेल्यांनी भारतासाठी शेकडो सामने काढले. यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचं, गोलंदाजाने बाद केलं तर नाणं त्याचं, नाबाद राहिला तर फलंदाजाचं. शिकवण्याचं हे साहित्य! रुपयात येतं.

उत्तम खेळाडू उत्तम प्रशिक्षक होतोच असं नाही, हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. फुटबॉलमध्ये खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून, दोन्ही रूपांत पुरुषांचा विश्वचषक जिंकणारे तिघेच आहेत: ब्राझीलचे झगालो, जर्मनीचे बेकेनबाउर आणि फ्रान्सचे देशॉं. क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियाला २००३ आणि २००७ असे लागोपाठ दोन विश्वचषक मिळाले तेव्हा प्रशिक्षक होते जॉन बुकॅनन, ज्यांनी स्वतः प्रथम श्रेणीचे सातच सामने खेळले होते. म्हणजे एका टोकाला सम्राट, दुसऱ्या टोकाला जवळजवळ अनोळखी. पुढे स्वतः प्रशिक्षक झालेले अमोल मुजुमदार या दोन्ही टोकांवर बसत नाहीत. विक्रम त्यांच्या नावावर ढीगभर आहेत. भारताची टोपी मात्र एकदाही नाही.

विक्रमांपैकी पहिला त्यांनी पहिल्याच डावात केला. १९९३-९४ चा रणजी मोसम, फरीदाबाद, समोर हरियाणा. मुंबईचे कर्णधार रवी शास्त्री. एकोणीस वर्षांच्या या पोराने प्रथम श्रेणीतल्या पदार्पणातच २६० धावा कुटल्या. भारतात तोवर पदार्पणातली मोठी खेळी गुंडप्पा विश्वनाथ यांची, १९६७ च्या मोसमातली २३०. जगात दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम मार्क्स यांची, १९२०-२१ मधली २४०. म्हणजे सत्तरेक वर्षं टिकलेला जागतिक विक्रम फरीदाबादला मोडला. पुढे चोवीस वर्षांहून अधिक काळ तो अमोलच्या नावावर राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने इंदूरला नाबाद २६७ केल्या आणि २०२२ मध्ये बिहारच्या साकिबुल गनीने थेट ३४१. ती ६६४ ची भागीदारीसुद्धा २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी पोरांनी ७२१ करून मोडलीच. तरी लोकांच्या तोंडी राहिली ती ६६४च.

२६० नंतर वर्तमानपत्रांनी 'नवा तेंडुलकर' असा शिक्का मारला. तेंडुलकर स्वतः तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता, त्याला नवा कशाला हवा होता कोण जाणे. एकोणीस वर्षांखालील भारतीय संघ झाला, भारत 'अ' झाला, तिथे राहुल द्रविड, सौरव गांगुली यांच्या बरोबरीने खेळणं झालं. मग जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर गांगुलीने पदार्पणात १३१ केल्या, द्रविडने ९५. त्याच वर्षी लक्ष्मणही कसोटीत आला. मधल्या फळीत अझरुद्दीन आणि सचिन आधीपासून होतेच. पाच माणसांच्या बाकावर सहावा कुठे बसवणार? पुन्हा तोच प्रकार: समोरचे बाद होत नाहीत आणि हा पॅड बांधून तयार.

याला नुसतं 'दुर्दैव' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पद्माकर शिवलकर आणि राजिंदर गोयल यांच्या बाबतीतही आपण तेच म्हणत आलो. बिशनसिंग बेदी असताना डावखुऱ्या फिरकीला दुसरी जागा नव्हती, म्हणून रणजीत ६३७ बळी घेणारे गोयल कसोटी न खेळताच निवृत्त झाले. पण संघाच्या जागा मोजक्याच असतात आणि देश मोठा असतो. जागा न मिळालेल्यांची रांग हाच खरा क्रिकेटचा पाया आहे. रणजी स्पर्धा त्यांच्याच जिवावर चालते. त्या रांगेत वीस वर्षं उभं राहून धावा करत राहणं हा स्वभावाचा भाग आहे, नशिबाचा नाही. अमोल मुजुमदार यांचे आकडे असे: १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं, सरासरी ४८.१३. अमरजित केपी यांना मागे टाकून ते रणजीत सर्वाधिक धावा करणारे फलंदाज झाले. नंतर मुंबईच्याच वसीम जाफरने त्यांना मागे टाकलं.

माझ्या मते या कारकिर्दीतलं पुढच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वर्ष २००६-०७ होय. मुजुमदार मुंबईचे कर्णधार, प्रवीण आमरे प्रशिक्षक, म्हणजे दोघेही आचरेकरांचे चेले. मोसमाची सुरुवात पाठोपाठच्या पराभवांनी झाली. मुंबई तक्त्याच्या तळाला. रणजी जिंकण्याची सवय असलेल्या शहराला ही गोष्ट सहन होत नाही; मैदानावरच्या कट्ट्यांवर काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना करावी. तिथून संघ वर आला. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलक होता ५ बाद ०. पुन्हा वाचा: पाच गडी बाद, धाव एकही नाही. शेपटाने कशाबशा दीडशेच्या जवळ धावा नेल्या आणि मुंबईने तो सामना जिंकला. मग वानखेडेवर बंगालला हरवून ३७ वं रणजी विजेतेपद. ज्या माणसाने ५ बाद ० वरून परतीची वाट पाहिलेली असते, त्याला पुढे धावफलकाची भीती घालता येत नाही.

त्यानंतर मुंबई सुटली. २००९ मध्ये आसाम, मग आंध्र. २०१४ मध्ये निवृत्ती. आसामसारख्या संघात जाऊन खेळणं हे मुंबईकराला 'खाली उतरणं' वाटतं, पण प्रशिक्षकाच्या दृष्टीने तीच खरी शाळा असावी असं मला वाटतं. ज्या ड्रेसिंग रूममध्ये जिंकण्याची सवय नाही, तिथे मुलं कशाला घाबरतात, कुठल्या षटकात हातपाय गाळतात, हे मुंबईत बसून कळत नाही.

प्रशिक्षक म्हणून नोकऱ्या झाल्या त्याही अशाच तुकड्यातुकड्यांच्या. राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ कसोटीसाठी भारतात आला तेव्हा त्या दौऱ्यापुरते त्यांचे फलंदाजी प्रशिक्षक. २०२१ मध्ये मुंबईचे मुख्य प्रशिक्षक. पुढच्याच वर्षी मुंबई रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचली आणि हरली ती मध्य प्रदेशकडून, ज्यांचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. मुंबईचा माणूस समोर उभा राहून मुंबईला हरवतो, ही गंमत मैदानातल्या जुन्या लोकांना बरेच दिवस पुरली. २०२२ च्या नोव्हेंबरात मात्र मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक पहिल्यांदा जिंकला.

आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचं मुख्य प्रशिक्षकपद.

इथे थोडं मागे जायला हवं. महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांच्या आधी दोन वर्षं. भारतीय महिला क्रिकेट संघटनाही १९७३ चीच. पण बीसीसीआयच्या छत्राखाली महिला क्रिकेट आलं ते २००६ मध्ये. तोवर डायना एडुलजींच्या पिढीने रेल्वेच्या साध्या डब्यांतून प्रवास करत, मिळेल तिथे मुक्काम करत देशासाठी क्रिकेट खेळलं. २००५ आणि २०१७ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत हरला. २०१७ ला लॉर्ड्सवर तर फक्त ९ धावांनी. पुरुषांइतकंच सामना मानधन २०२२ मध्ये जाहीर झालं, महिलांची प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली. पैसा आला, प्रेक्षक आले. मुख्य प्रशिक्षक मात्र नव्हता: डिसेंबर २०२२ मध्ये रमेश पोवार यांना हलवल्यानंतर बरेच महिने ती खुर्ची रिकामीच होती आणि फलंदाजी प्रशिक्षक हृषीकेश कानिटकर गाडा ओढत होते. अशा संघाकडे हा माणूस आला.

सुरुवात झोकात झाली. डिसेंबर २०२३ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवलं; धावांच्या फरकाने महिला कसोटीतला तो सर्वांत मोठा विजय. आठवडाभराने वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारतीय महिलांचा पहिलावहिला कसोटी विजय. पण २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ साखळीतच गारद झाला आणि कौतुक करणारेच हिशेब मागू लागले.

मग २०२५ चा विश्वचषक, मायदेशात. पहिले दोन सामने जिंकले आणि पुढचे तीन हरले. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. इंग्लंडविरुद्धचा इंदूरचा सामना हातात आलेला होता. ४ धावांनी गेला. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये मुजुमदार सर चांगलेच कडाडले, हे कर्णधार हरमनप्रीत कौरने पुढे उघडपणे सांगितलं. एरवी शांत बोलणारा माणूस रागावतो तेव्हा त्याचं वजन वेगळं असतं. आपल्याकडे घरात रोज ओरडणाऱ्या बापाचं पोरं ऐकत नाहीत, वर्षातून एकदा बोलणाऱ्या आजोबांचं ऐकतात, तसं.

पण नुसतं रागावून सामने जिंकता येत नाहीत. जेमिमा रॉड्रिग्जचं उदाहरण घ्या. स्पर्धेत तिला दोनदा भोपळा मिळाला होता आणि इंग्लंडविरुद्ध तिला वगळून जादा गोलंदाज खेळवला गेला. पुढच्याच सामन्यात, न्यूझीलंडविरुद्ध, ती परत आली ती थेट तिसऱ्या क्रमांकावर, आणि नाबाद ७६ करून आली. वगळलेल्या फलंदाजाला परत आणताना प्रशिक्षक सहसा खालच्या क्रमांकावर लपवतो. इथे उलट झालं. तिला बढती मिळाली. ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कुणी पूर्ण केला नव्हता. मधल्या वेळेत मुजुमदार यांनी फळ्यावर लिहिलं ते साधारण असं, की अंतिम फेरी गाठायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी, बस. आकड्याचा बागुलबुवा फळ्यावरून पुसला गेला. जेमिमाला आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे मैदानात उतरायच्या काही मिनिटं आधी कळलं. तिने नाबाद १२७ केल्या, हरमनप्रीतने ८९, आणि ४८.३ षटकांत काम झालं.

आणि शफाली वर्मा! तिचं नाव मूळच्या पंधरा जणींत नव्हतं, राखीवांतही नव्हतं. ती सुरतला हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. सलामीची प्रतिका रावल बांगलादेशविरुद्ध जखमी झाली आणि शफालीला बोलावणं आलं. उपांत्य सामन्यात १० धावा. अंतिम सामन्यात ७८ चेंडूंत ८७. वर फावल्या वेळची फिरकी टाकून दोन बळी.

२ नोव्हेंबरच्या त्या अंतिम सामन्याला जायचा माझा बेत होता. किन्हवलीहून शहापूर, आसनगावहून लोकल, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बरने नेरूळ. तसं म्हटलं तर सगळा प्रवास ठाणे जिल्ह्याच्या हद्दीतलाच. विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या जिल्ह्यात, असं दुसऱ्यांदा कधी घडायचं? पण परतीची गाडी कुठली, या प्रश्नावर बेत मोडला. बरंच झालं. पाऊस आला, तीनचा सामना पाचला सुरू झाला आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली. घरच्या टीव्हीवर बघितला. खाचरांत भात उभा-आडवा पडलेला असताना आभाळाकडे बघून लोक एरवी जे बोलतात तेच त्या दिवशी टीव्हीकडे बघून बोलत होते.

सांगलीच्या स्मृती मंधानाने आणि शफालीने सलामीला शंभरावर धावा जोडल्या, स्मृती ४५ वर गेली. भारत ७ बाद २९८. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट शतक काढून एकटी झुंजत राहिली. अमनजोतने तिचा झेल तीन वेळा उडवत पकडला तेव्हा आमच्या गल्लीत कुणीतरी पत्र्यावर काहीतरी आपटलं. दीप्ती शर्माचे पाच बळी. शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे पळत घेतला. २४६ सर्वबाद, ५२ धावांनी विजय. भारतीय महिलांचा पहिला विश्वचषक.

सगळीकडे 'चक दे' सिनेमाची आठवण काढली गेली, त्यातला प्रशिक्षक कबीर खान म्हणून मुजुमदार यांचा गौरव झाला. मला ती तुलना थोडी आळशी वाटते. सिनेमातला कबीर खान देशासाठी खेळलेला असतो, त्याच्यावर कलंक लागलेला असतो आणि त्याला तो धुवायचा असतो. मुजुमदार यांच्यावर कुठला कलंक? त्यांना काही सिद्ध करायचं असेल तर ते फरीदाबादलाच करून झालं होतं. हरमनप्रीतने मैदानातच वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि मग गळामिठी मारली. पंजाबातल्या मोग्याची मुलगी आणि आझाद मैदानात बसून राहिलेला मुंबईचा पोरगा. भारताच्या क्रिकेटमधलं गुरुशिष्याचं नातं अजून असंच वाकून व्यक्त होतं.

क्रिकेटच्या धावफलकाची एक रीत आहे. फलंदाजीला न आलेल्या गड्यांची नावं तळाशी एका ओळीत छापतात: फलंदाजी केली नाही. १९८८ च्या त्या ७४८ धावांच्या फलकाखाली, त्या ओळीत, अमोल मुजुमदार हे नाव आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या फलकावर अकरा मुलींची नावं आहेत, बाद कशा झाल्या ते आहे, पंचांची नावं आहेत, सामनाधिकाऱ्याचंही आहे. प्रशिक्षकासाठी त्यात रकाना नसतो.